तीन महिन्यांत दहा किलो वजन कमी करण्याचा निश्चय दोनदा मोडला. आता ध्येय किती ठेवावे?

किलोचे ध्येय ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वजनकाट्यावर काय दिसेल ते आपल्या हातात नसते. जेवण झाल्यावर उठून पायात चप्पल घालणे मात्र असते.

मी जळगावचा. चार वर्षांपूर्वी माझी एचबीए१सी, म्हणजे मधुमेहासाठीची रक्तातल्या साखरेची चाचणी, ८.४ निघाली आणि त्याच रात्री मी वहीत लिहिले: पहाटे पाचला मेहरूण तलावावर दहा हजार पावले, साखर बंद, तळलेले बंद, रात्री एकच भाकरी. एकोणिसाव्या दिवशी उजवा गुडघा सुजला. त्याच रविवारी मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, त्यांत ठेचलेली हिरवी मिरची आणि कांद्याची पात, शेजारी कळण्याच्या गरम पुऱ्या. मी चार पुऱ्या खाल्ल्या आणि नेम मोडलाच आहे तर आता काय, असे म्हणून पुढचे दोन महिने काहीच पाळले नाही. थोरले भाऊ सर्वांसमोर म्हणाले, “झेपत नव्हतं तर ठरवायचं कशाला?” ते वाक्य मला फार लागले.

नंतर मी एकच गोष्ट ठरवली: रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत. मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसवर गेला, लग्नाच्या पंगतीतून उशिरा घरी आलो, तरी जमेल एवढेच. भाऊ म्हणाले, “इतलंसं चालीसन काय व्हस रे?” होते, भाऊ. जेवणानंतर रक्तात चढणारी साखर चालणारे स्नायू वापरतात, म्हणून ती पंधरा मिनिटे वाया जात नाहीत. एकवीस दिवसांत सवय लागते, हा त्यांचा आवडता दाखलाही खरा नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांच्या पाहणीत सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. हे मला त्या रविवारी ठाऊक असते, तर चार पुऱ्यांपायी दोन महिने गेले नसते.

चालणे अंगवळणी पडल्यावरच मी दुसरी गोष्ट हाती घेतली. शेवभाजी सोडली नाही, परंतु वरची लाल तर्री पळीने बाजूला काढून वाटी अर्धी भरू लागलो. एचबीए१सी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे दर पंधरवड्याला निकाल शोधत बसलो नाही. सहा महिन्यांनी ती ७.१ आली. वजन चारच किलो उतरले होते, तरी मी त्या निकालावर समाधानी आहे. भाऊंनाही आता साखर निघाली आहे, आणि रात्री साडेनऊला मी त्यांच्या दाराशी थांबून त्यांना हाक मारतो.

माझ्या गोळ्या या सगळ्या काळात चालू होत्या, हे आधीच सांगायला हवे होते. आपण इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल, तर खाणे कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. आकडा हवाच असेल, तर आठवड्याला अर्धा ते एक किलो ही सर्वसाधारणपणे सुरक्षित मानली जाणारी गती आहे. त्या हिशेबाने आपले दहा किलो अशक्य नाहीत, पण ओढाताणीचे आहेत.