बीएला इतिहास घेऊ, की बाबांचं ऐकू?

राजापूर तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. बारावी सायन्स जेमतेम पार पडलं, आता तिला बीएला इतिहास घ्यायचा आहे. बाबांचं म्हणणं, डी. फार्म. कर, दोन वर्षांत औषधाच्या दुकानात तरी उभी राहशील. मुंबईचे मामा म्हणतात, आर्ट्स म्हणजे लग्न ठरेपर्यंतचा वेळ. यंदा थ्रिप्स किडीने आंब्याचा मोहोर खाल्ला, सोसायटीचं कर्ज तसंच आहे, धाकटा भाऊ दहावीत. तिचा प्रश्न असा: ‘ताई, या डिग्रीचा खरंच उपयोग होतो, की मी नुसता हट्ट करतेय?’

बाळा, बीएला जा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे काही कडू लिहिणार आहे आणि ते तुला नकारासारखं वाटू नये.

बाबा घाबरलेत ते उगाच नाही. नुसत्या बीएच्या कागदावर रत्नागिरीत काय, मुंबईतही कुणी बोलावून नोकरी देत नाही. तुझ्याच वाडीत बीए झालेल्या आणि आता चुलीपुढे बसलेल्या दोघीतिघी असतील, बाबांच्या डोळ्यांसमोर त्याच आहेत. पण त्यांतल्या बहुतेकींनी आर्ट्स घेतलं ते दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून. हजेरीपुरतं कॉलेज, परीक्षेच्या आठवड्यात गाइड. तुला तसंच करायचं असेल तर बाबांचं ऐक, डी. फार्म. बरं.

तुझ्या पत्रात मात्र दोन ओळी अशा आहेत की त्या वाचून मी थांबले. गुरांमागे सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर गेलीस तेव्हा कातळात कोरलेला मासा तू दाव्याने मोजलास आणि त्याची लांबी वहीत लिहून ठेवलीस. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. कोकणातली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यातलं बारसू आणि देवाचे गोठणे तुझ्याच तालुक्यातलं. ती कुणी खोदली, केव्हा खोदली, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. 2025 मध्ये विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग जागतिक वारशात आले. एवढा इतिहास दाराशी असताना तो वाचणारी माणसं बाहेरून आणायची, हे मला तरी पटत नाही.

आता पोटापाण्याचं. पहिल्या वर्षापासून मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी शीक, माझा सगळ्यात जास्त भर यावर आहे. कोकणात खोती, म्हणजे खोतामार्फत शेतसारा वसूल करायची पद्धत होती, ती 1949 च्या कायद्याने गेली, पण जमिनीचे जुने कागद अजून घराघरांत आणि कचेऱ्यांत पडून आहेत, आणि त्यातले कितीतरी मोडीत. वाटणीचा दावा असो, कुळाचा असो, कागद वाचायला माणूस शोधत लोक फिरतात. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हाही मोडी वाचणाऱ्यांचीच गरज पडली. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. लिपी ओळखायला फार दिवस लागत नाहीत, भरभर वाचता यायला मात्र वर्षं जातात, म्हणून लवकर सुरुवात कर. लिप्यंतराचे पैसे पानामागे मिळतात. त्यावर घर चालणार नाही, पण तुझा खर्च तू उचलू लागलीस की घरातलं बोलणं बदलेल.

पुढच्या वाटा आहेत. तीन वर्षांचं एलएलबी कुठल्याही पदवीनंतर करता येतं, आणि मोडी वाचणारी वकील राजापुरात बसली तर तिच्याकडे पक्षकार येतील, याची मला खात्री आहे. बी.एड. करून शिक्षक भरतीची परीक्षा देता येते. खोदकामाकडेच ओढा राहिला तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए आहे. प्राध्यापकीचं स्वप्न सध्या बाजूला ठेव. सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेली कितीतरी मुलं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबतायत. एमपीएससीला पदवी कुठलीही चालते, जरूर बस, पण किती वेळा बसायचं ते आधीच ठरव आणि बाबांना सांगून ठेव. पुण्यात खोली घेऊन तारुण्य घालवलेली मुलं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

बाबांशी भांडू नकोस. त्यांनी आंब्याचं कलम लावलं तेव्हा पाच-सहा वर्षं फळ धरायचं नाही हे माहीत असूनच लावलं, आणि तोवर खत-पाणीही केलं. तेवढाच धीर त्यांच्याकडे माग, पण रिकाम्या हाताने नको. डी. फार्म.ची फी आणि जवळच्या कॉलेजात बीएची फी, एसटीच्या पाससकट, कागदावर शेजारी शेजारी लिही. यंदाच्या कर्जात हा फरक त्यांना लगेच दिसेल. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष पुरं करून थांबलीस तरी प्रमाणपत्र मिळतं, हेही सांग. मामांना उत्तर द्यायच्या भानगडीत तू पडूच नकोस, ते आईवर सोड. तिने सांगितलं तर तिचा भाऊ ऐकेलच.

लग्नाचा विषय तू पत्रात एका ओळीत उरकलास, पण तीच ओळ तुला जास्त टोचतेय असं वाटतं. तर प्रवेशाच्या आधी आईबाबांकडून एकच शब्द घे: पदवी होईपर्यंत स्थळ बघायचं नाही. आईला आधी गाठ, संध्याकाळी, बाबा बागेतून यायच्या आत. आणि फॉर्म भरायची तारीख चुकवू नकोस, घरातलं बोलणं लांबलं तरी फॉर्म भरून ठेव.