माझ्या भावाची नोकरी गेली, मुलासाठी द्यायची पोटगी थकली आणि आता लायसन्सबाबत नोटीस आली आहे; पोटगी थकल्यामुळे टेक्सासमध्ये ड्रायव्हिंग लायसन्स निलंबित होते का?

होय, होऊ शकते. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानुसार अमेरिकेतील प्रत्येक राज्याला हा अधिकार ठेवावा लागतो. टेक्सासमध्ये किमान तीन महिन्यांच्या पोटगीइतकी थकबाकी साचली (म्हणजे दरमहा ८०० डॉलर ठरले असतील, तर २,४०० डॉलर) आणि हप्त्यांनी फेडण्याची संधी मिळूनही ती पाळली नाही, तर ही कारवाई होते.

आपल्या भावाची नोकरी गेली असल्यामुळे त्यांनी नोटिशीतील मुदतीतच सुनावणी मागावी किंवा हप्ते ठरवून घ्यावेत, आणि त्याच आठवड्यात पोटगीची रक्कम कमी करण्यासाठी न्यायालयात वेगळा अर्ज करावा. हा अर्ज सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण एकदा थकलेली रक्कम न्यायालयालाही मागाहून माफ करता येत नाही. कपात झालीच तर ती फार तर अर्जाची सूचना समोरच्या पक्षाला मिळाल्यापासूनची होते. लायसन्स काढून घेण्याचा हा उपाय मला स्वतःला पटत नाही, कारण जिथे बस नाही तिथे गाडी थांबली की कमाई थांबते आणि झळ त्या लेकरालाच बसते. थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेल्यास, भाऊ अमेरिकी नागरिक असतील तर, त्यांना पासपोर्टही नाकारला जातो.