काळी शौच आणि लोहाची गोळी: खनिजांविषयी प्रश्नोत्तरे

‘पेशींचं वय’ हे शब्द जाहिरातींत आल्यापासून खनिजांबद्दल एकसारखी पत्रं येत आहेत. त्यातले पाच प्रश्न आज घेते.

वय ५३, नाशिक : पेशी तरुण राहाव्यात म्हणून मॅग्नेशियमची गोळी रोज घेऊ का?

पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) मॅग्नेशियम लागतं, हे खरं. पण बाजरी, डाळी, शेंगदाणे, तीळ आणि पालेभाज्या जेवणात असतील, तर बहुतेकांना गोळीची गरज पडत नाही. अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना सांगून तपासून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नका.

वय ४७, पुणे : टेलोमिअर मोजून ‘पेशींचं खरं वय’ सांगणारी तपासणी करावी का?

नको. टेलोमिअर म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरची संरक्षक टोपी. पेशी विभागताना ती आखूड होत जाते. याच संशोधनाला २००९ चं नोबेल मिळालं. पण एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत तिची लांबी खूप वेगळी असते, आणि त्या आकड्यावरून कोणतं खनिज घ्यायचं हे ठरत नाही. तपासणी करणाराच पुढे गोळ्यांचा डबा विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

वय ६०, ठाणे : सेलेनियमसाठी रोज पाच-सहा ब्राझील नट खाते. चालेल?

चालणार नाही. एकाच दाण्यात दिवसभराचं सेलेनियम असू शकतं. जास्त झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात. अमेरिकेत ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम देऊनही प्रोस्टेटचा कर्करोग टळला नाही. २००८ मध्ये त्या गोळ्या थांबवाव्या लागल्या. केस गळत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

वय ३८, सातारा : वडील ६८ वर्षांचे. हिमोग्लोबिन ९.८ आलं, म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून चार महिने लोहाच्या गोळ्या घेत आहेत. शौचाला काळं होतं. गोळीमुळेच ना?

त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या. लोहाच्या गोळीने शौच काळसर होते, पण जठरातून किंवा आतड्यातून रक्त जात असेल तरीही ती काळी होते. डांबरासारखी चिकट, घाण वासाची असेल किंवा चक्कर येत असेल, तर थेट रुग्णालय गाठा. चार महिने गेले, हे मला फार लागतं. या वयाच्या पुरुषाला मासिक पाळी नाही, बाळंतपण नाही. मग रक्त गेलं कुठे, हे आधी शोधायला हवं होतं. अल्सर असेल, मूळव्याध असेल, आतड्याचा कर्करोगही असू शकतो. गोळीने हिमोग्लोबिन थोडं चढतं, घरचे निश्चिंत होतात आणि आजार आत वाढत राहतो.

दुसरी बाजूही ऐका. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. दिवसाकाठी जेमतेम एक मिलिग्रॅम झडतं. उरलेलं साठतं. मोकळं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडलं की त्यातून निघणारे मुक्त कण पेशीचं आवरण आणि डीएनए पोखरतात. म्हणजे तरुण राहण्यासाठी म्हणून घेतलेली गोळी पेशी थकवू शकते. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या, पण शरीरात सूज असेल तर तेही वाढलेलं दिसतं, तेव्हा अहवाल स्वतः वाचू नका.

हे वाचून गरोदर किंवा रक्तक्षय असलेल्या बायकांनी लिहून दिलेलं लोह बंद करू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, तर ते हवंच.

वय ५६, कोल्हापूर : कोविडपासून झिंकची ५० मिलिग्रॅमची गोळी चालूच आहे. आता हातपाय बधिर होतात.

बंद करा. रोजची सुरक्षित कमाल मर्यादा ४० आहे. इतकं झिंक वर्षानुवर्षं घेतलं तर तांबं शोषलं जात नाही. त्यातून रक्तक्षय होतो, नसाही बिघडतात. बधिरपणा मधुमेहाने किंवा बी-१२ च्या कमतरतेनेही येतो. याच आठवड्यात फिजिशियनना भेटा, गोळीचं पाकीट सोबत न्या आणि किती वर्षं घेतली ते नेमकं सांगा.