स्वस्तात आलिशान प्रवास शिकवणारी पुस्तिका घ्यावी का?
पैसे भरण्याआधी तुम्ही पुस्तिकेची अनुक्रमणिका आणि शेवटच्या सुधारणेची तारीख मागून घ्यावी. विस्तारा विमान कंपनीची पॉइंट योजना असलेला क्लब विस्तारा नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियाच्या तशाच महाराजा क्लबमध्ये विलीन झाला, त्यामुळे त्यावर बेतलेल्या जुन्या युक्त्यांना आता रद्दीचा भाव आहे. उरलेला मजकूर बहुधा इतकाच असतो की क्रेडिट कार्डाचे पॉइंट वस्तूंवर न उधळता विमान कंपनीकडे वळवावेत आणि पंचतारांकित हॉटेल पावसाळ्यात गाठावे; गोव्यात जुलैमध्ये दर उतरतात, हे तर दादरचा टूरवाला चहा पाजून सांगतो. पॉइंटांवर काढलेल्या तिकिटालाही कर रोख भरावे लागतात, ही गोष्ट मात्र जाहिरातीत सहसा सापडत नाही. कार्डाचे बिल दरमहा पूर्ण भरणे जमत नसेल, तर पुस्तिका फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण थकबाकीवर महिन्याला 3.5 टक्क्यांच्या आसपास व्याज चढू शकते.