भट्टीतून पार्ट वाकडा निघतोय, सिम्युलेशन करून घ्यावं का?

प्रश्न: भोसरीला आमचं छोटं युनिट आहे, 17-4 पीएच स्टेनलेसचा लॉकचा लिव्हर मेटल इंजेक्शन मोल्डिंगने (धातूची पावडर बाइंडरमध्ये कालवून साच्यात दाबून भरायची) काढतो. मोल्डमधून पार्ट एकदम झकास निघतो पण सिंटरिंग (भट्टीत तापवून पावडर घट्ट करणं) झालं की वाकतो, आणि दोन्ही हात सारखे हवेत तर गेटकडचा (माल साच्यात शिरतो त्या तोंडाकडचा) 0.1 मिमीने आखूड भरतो. टूलरूमवाला भट्टीला नावं ठेवतो, भट्टीवाला म्हणतो मोल्डिंग सुधारा. साच्यात माल कसा भरतो याच्या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनवर पैसे घालावेत का?

उत्तर: घाला. मला भट्टीवाल्याचं जास्त पटतंय. फीडस्टॉकमध्ये, म्हणजे साच्यात भरायच्या मालात, आकारमानाने साधारण 60 टक्के पावडर असते, बाकी बाइंडर, म्हणजे पावडर धरून ठेवणारा आणि पुढे निघून जाणारा भाग. गेट बारीक आणि स्पीड जास्त असला की तिथे शिअर (मालाच्या थरांचं एकमेकांवरून घासत सरकणं) वाढतो आणि कण जास्त शिअरकडून कमी शिअरकडे सरकतात, मग कुठे बाइंडर जास्त तर कुठे पावडर, जिथे पावडर कमी तिथे पार्ट जास्त आकसतो, आणि ग्रीन पार्ट (भट्टीत जाण्याआधीचा) हातात घेऊन कितीही फिरवा, यातलं काही दिसत नाही. आता हिशोब बघा, सिंटरिंगनंतर 97 टक्के घनता धरली तर 60 टक्के पावडरचा 20 मिमीचा हात 17.04 मिमी होतो आणि 59 टक्के असेल तर 16.95. एका टक्क्यात तुमचा 0.1 मिमी गेला!

स्पीड कमी करून बघितला असेलच, पण मेटल पावडरमुळे हा माल प्लास्टिकपेक्षा लवकर गार होतो, मग टोकाला शॉर्ट शॉट, म्हणजे साचा अर्धवटच भरतो. या दोन्हींच्या मधली जागा सॉफ्टवेअर दाखवतं, गेट कुठे आणि केवढा, स्पीड किती. मोल्डेक्स3डी, सिग्मासॉफ्ट यांच्यात पावडरचं प्रमाण कुठे किती पडतं तेही बघता येतं, रिपोर्टमध्ये तो प्लॉट मागाच, नुसता फिलिंगचा रंगीत व्हिडिओ घेऊन येऊ नका.

आणि हो, मटेरियल लायब्ररीतलं जवळपासचं पॉलीप्रॉपिलीन निवडून कोणी रन मारला तर पैसे पाण्यात. तुमच्या फीडस्टॉकची व्हिस्कॉसिटी, थर्मल कंडक्टिव्हिटी, पीव्हीटी (दाब-आकारमान-तापमान) डेटा सप्लायरकडून घ्या, नसेल तर टेस्ट करून घ्या. मग मशीनवर अर्धवट भरलेले शॉट काढून स्क्रीनवरच्या फिलिंगशी ताडून बघा, तेच जुळत नसेल तर पुढचे आकडे वाचूच नका.

भट्टीत स्वतःच्या वजनाने पार्ट खाली बसणं, सेटरला (पार्ट ज्यावर ठेवतात त्या प्लेटला) घासून अडकणं हे मोल्डिंगच्या रनमध्ये येत नाही, त्याचं सिम्युलेशन वेगळं. ते लगेच नको, आधी चार पार्ट उलटे ठेवून सिंटर करा, वाकण्याची दिशा बदलली तर टूलरूमवाल्याचंही थोडं खरं आहे.