पद्मिनीचा गिअरबॉक्स वाजतोय? उतरवण्याआधी हे तपासा

गिअरबॉक्स उतरवायला आत्ता तरी परवानगी देऊ नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं अशी: प्रीमियर पद्मिनी, स्टिअरिंगवरचा गिअर. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर, क्लच दाबला की बंद. दुसऱ्या-तिसऱ्यात आवाज वाढतो, चौथ्यात जवळपास जातो. मेकॅनिक म्हणतो, अख्खा गिअरबॉक्स बदला. मला यात लेशाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्समध्ये जोर पुढे पोचवणाऱ्या मधल्या दांड्याच्या, बेअरिंगचा दोष दिसतो.

या गाडीत ताकद मागच्या चाकांना जाते. क्लच सोडलेला असला की न्यूट्रलमध्येही इंजिनाकडून येणारा इनपुट शाफ्ट आणि त्याच्या दात्यांवर चालणारा लेशाफ्ट दोन्ही फिरत असतात. क्लच दाबला की दोन्ही थांबतात. त्यामुळे एवढ्यावरून दोघांतला कोण वाजतोय ते कळत नाही. ते चौथा गिअर सांगतो. पहिल्या तीन गिअरांत इंजिनाचा सगळा जोर लेशाफ्टवरून जातो. चौथा थेट आहे, त्यात इनपुट आणि चाकांकडे जाणारा मेनशाफ्ट एकमेकांत अडकून फिरतात आणि लेशाफ्ट नुसता रिकामा फिरतो. भार उतरल्यावर आवाज जातो, म्हणजे संशय त्याच्यावरच. इनपुटचं बेअरिंग गेलं असतं तर ते चौथ्यातही बोललं असतं. (मारुती ८००ला हा हिशेब लावू नका, तिथे थेट गिअर नसतोच.)

क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असता तर मी रिलीज बेअरिंग (क्लच दाबताना काम करणारं) बघायला सांगितलं असतं. मोकळ्या रस्त्यावर चालत्या गाडीत न्यूट्रल करून क्लच दाबून धरून बघा. आवाज तसाच राहिला तर चाकांची बेअरिंग किंवा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) तपासावं लागेल. आणि गाडी सरकत असताना पहिला टाकला की करकर होते, त्याची काळजी सोडा. पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर अडकण्याआधी वेग जुळवणारी रिंग) नाही, गाडी पूर्ण थांबवूनच तो टाकायचा.

आता खरं काम ऑइलचं. गाडी सपाट जागी लावून बाजूचा फिलर बोल्ट काढा. ऑइल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं हवं. खाली असेल तर सील गळतंय का ते बघा. मग गाडी थोडी फिरवून, ऑइल गरम असतानाच स्वच्छ ट्रेमध्ये काढा आणि त्यात चुंबक फिरवा. चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लगदा आला तर ती वयाची झीज, घाबरू नका. पण बोटांना टोचणारे तुकडे किंवा पापुद्रे लागले, तर बेअरिंग किंवा दाते तुटू लागलेत. मग गाडी अजिबात चालवायची नाही. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चमक दिसली तर पितळी सिंक्रो रिंग झिजतायत. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी गेलंय.

नवीन ऑइल जीएल-४ दर्जाचं घ्या. दुकानदार ‘जीएल-५ भारी’ म्हणून देईल, पण त्यातल्या काही ऑइलमधली गंधकयुक्त रसायनं पितळी रिंग खातात. आवाज दाबायला कोणी जाड ऑइल किंवा ग्रीस भरू म्हणाला तर साफ नकार द्या. आवाज दबेल, बेअरिंग मात्र झिजतच राहील.

जुन्या बाजारातला गिअरबॉक्स बसवण्याच्या मी विरोधात आहे. तोही तेवढाच जुना, आणि आत काय झालंय ते कोणालाच माहीत नाही. तुमचाच उघडून बेअरिंग, सील आणि खराब रिंगा बदललेल्या बऱ्या. उघडल्यावर लेशाफ्टच्या दात्यांवर खड्डे पडलेत का तेही बघून घ्या.

चुंबकावर काय आलं त्याचा फोटो टाका. पुढे कोणते भाग लागतील ते त्यावरून ठरवू.