मॉरीन ओ'हारा ही जुनी आयरिश अभिनेत्री फक्त रंगीत चित्रपटांपुरतीच प्रसिद्ध होती का?

तुम्ही विचारलंय की जुन्या हॉलिवूडबद्दल वाचताना मॉरीन ओ'हाराचं नाव 'टेक्निकलरची (म्हणजे त्या काळच्या रंगीत चित्रपटांच्या तंत्राची) राणी' म्हणून येतं, पण लाल केस आणि हिरवे डोळे यापलीकडे तिच्यात पाहण्यासारखं काय आहे. भरपूर आहे. माझ्या मते त्या बिरुदाने तिचं नुकसानच केलं. लोकांना तिचा रंग आठवत राहिला, अभिनय मागे पडला.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते 'द क्वाएट मॅन' (१९५२) मध्ये, आईबरोबर. अमेरिकेतून आयर्लंडला परतलेला शॉन थॉर्नटन (जॉन वेन) गावातल्या मेरी केटशी (ओ'हारा) लग्न करतो. तिचा आडदांड भाऊ मात्र तिच्या वाट्याचे पैसे आणि सामान अडवून ठेवतो. नवरा म्हणतो, मला तुझे पैसे नकोत. ती म्हणते, ते मिळेपर्यंत मी तुझी बायकोच झाले नाही. तेव्हा माझ्या कॉलेजातल्या डोक्याला ती चक्क लोभी वाटली. स्वतःच हुंड्यासाठी अडून बसणारी नायिका! आई म्हणाली, "अगं, हुंडा कुठे मागतेय ती? तिचं स्त्रीधन अडकलंय भावाकडे. आईचं सामान आहे ते."

त्या एका वाक्याने सगळा चित्रपट उलगडला. पुन्हा पाहताना लक्षात आलं की ओ'हारा पैसे हा शब्द उच्चारते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हाव कुठेच नाही, अपमान आहे. पुढे पैसे हातात आल्यावर ती स्वतः मळणीयंत्राच्या भट्टीचं दार उघडते आणि नवरा त्या नोटा आत फेकतो. मग ती ताठ मानेने घराकडे चालू लागते. नोटा जळाल्या तरी तिला चालतं, कारण त्या तिच्या होत्या हे सगळ्या गावासमोर मान्य झालेलं असतं. हे सगळं ती चेहऱ्याने आणि चालण्याने सांगते.

त्याच चित्रपटात नदीकाठचा एक प्रसंग आहे. संसारातली नाजूक अडचण गावच्या पाद्र्याला सांगायची आहे आणि इंग्रजीत तोंडातून शब्द निघत नाही, म्हणून ती आयरिश भाषेत बोलू लागते. मनातलं बोलायची वेळ आली की माणूस आपल्या भाषेकडे वळतो, हे आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही. हॉलिवूडच्या चित्रपटात १९५२ साली नायिका आयरिश बोलते, याचं मला अजून नवल वाटतं.

आता तिच्या आयुष्याबद्दल. जन्म १७ ऑगस्ट १९२०, डब्लिनच्या रॅनला भागात. माहेरचं नाव मॉरीन फिट्झसिमन्स, सहा भावंडांत दुसरी. आई गायिका, वडील कापडाच्या व्यवसायातले आणि शॅमरॉक रोव्हर्स या फुटबॉल क्लबचे भागीदार. पोरगी लहानपणापासून नाटकात, चौदाव्या वर्षी डब्लिनच्या नामांकित ॲबी थिएटरमध्ये. तरी वडिलांचा आग्रह होता की हातात एखादी विद्या असावी, म्हणून तिने टायपिंग आणि शॉर्टहँड शिकून घेतलं. हे पुढे कामाला आलं. 'द क्वाएट मॅन'ची पटकथा तयार होत असताना दिग्दर्शक जॉन फोर्ड सांगायचा आणि ती शॉर्टहँडमध्ये उतरवून टाइप करायची.

लंडनला तिची स्क्रीन टेस्ट घेतली तेव्हा तिला जरीसारख्या चमचमत्या पोशाखात आणि भडक मेकअपमध्ये उभं केलं होतं. चार्ल्स लॉटन या मोठ्या नटाला ती टेस्ट अजिबात आवडली नाही, पण तिचे डोळे त्याच्या डोक्यातून जाईनात. त्याने आणि त्याच्या भागीदाराने तिच्याशी सात वर्षांचा करार केला. फिट्झसिमन्स हे आडनाव थिएटरच्या पाटीवर मावणार नाही, म्हणून लॉटननेच ते बदललं. तिला मनापासून नको होतं. ओ'मारा किंवा ओ'हारा यांतलं एक निवड, एवढीच मुभा मिळाली.

१९३९ साली तिने दिग्दर्शक हिचकॉकचा 'जमैका इन' केला आणि लगेच लॉटनबरोबर अमेरिकेला जाऊन 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम'मध्ये एस्मेराल्डाची भूमिका. त्याचं चित्रीकरण चालू असतानाच युरोपात युद्ध पेटलं, तिचा करार आरकेओ स्टुडिओला विकला गेला आणि घरी परतण्याचा रस्ताच बंद झाला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

मग १९४१ मध्ये जॉन फोर्डचा 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'. वेल्समधल्या कोळसाखाणीतल्या कुटुंबाची गोष्ट, पण युद्धामुळे वेल्सला जाता येईना, म्हणून कॅलिफोर्नियात मालिबूजवळच्या डोंगरात अख्खं खाणकामगारांचं गाव उभारलं गेलं. हा चित्रपट कृष्णधवल आहे. 'सिटिझन केन'ला मागे टाकून त्याने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेतलं, एकूण पाच मिळवली. त्यात ती झालेल्या अँगहॅरडचं मनाविरुद्ध लग्न लागतं तो प्रसंग बघाच. ती चर्चच्या पायऱ्या उतरते, वाऱ्याने डोक्यावरची झिरझिरीत ओढणी उभीच्या उभी वर उडते आणि ती दगडासारख्या चेहऱ्याने गाडीत जाऊन बसते. दूर, झाडाखाली, तिचं ज्याच्यावर प्रेम आहे तो पाद्री नुसता ठिपक्याएवढा दिसतो. संवाद नाही. एकविसाव्या वर्षी ज्या मुलीने हे केलं तिला पुढची दहा वर्षं स्टुडिओंनी मुख्यतः समुद्री चाच्यांच्या आणि वाळवंटातल्या राजकन्यांच्या कथांत उभं केलं, याचा मला खरोखर राग येतो.

तसं का झालं याचं उत्तर त्या वेळच्या तंत्रात आहे. टेक्निकलरच्या कॅमेऱ्यात प्रिझममधून प्रकाश फोडून तीन वेगवेगळ्या फिल्मवर एकाच वेळी चित्र उतरवत, आणि त्याला प्रचंड उजेड लागायचा. तापलेल्या दिव्यांखाली अनेकांचे चेहरे फिके किंवा विचित्र दिसत. हिचे केस, कांती आणि डोळे मात्र त्यात खुलून आले. मग 'द ब्लॅक स्वान' (१९४२) सारखे तलवारबाजीचे रंगीत चित्रपट रांगेने आले. तिने त्यांतही कष्ट कमी केले नाहीत, मारामारीचे बरेचसे प्रसंग ती स्वतः करायची. मधेच १९४७ चा 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट' आला. त्यातली एकट्याने मुलगी वाढवणारी, नोकरी करणारी आई आजही जुनी वाटत नाही.

अमेरिकेचं नागरिकत्व घेतानाचा तिचा किस्सा मला सगळ्यात जवळचा वाटतो. १९४६ साली कागदपत्रांवर तिला ब्रिटिश प्रजा धरण्यात आलं होतं. आयर्लंड तेव्हा औपचारिकरीत्या कॉमनवेल्थ या ब्रिटनशी जोडलेल्या देशांच्या गटातच होतं, त्यामुळे कारकुनाच्या लेखी तो नेहमीचा प्रकार. तिने सांगितलं, मी आयरिश आहे, ब्रिटिश राजाशी माझी निष्ठा कधी नव्हतीच, तर ती सोडण्याची शपथ कशी घेऊ? न्यायाधीशापुढे वाद घातला आणि कागदावर 'आयरिश' लिहून घेतलं. आडनाव गेलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि काही करू शकली नाही. या वेळी तिने सोडलं नाही.

१९५७ मध्येही तसंच. 'कॉन्फिडेन्शियल' नावाच्या गॉसिप मासिकाने छापलं की ती एका थिएटरात परपुरुषाबरोबर नको त्या अवस्थेत होती. त्या काळी नट-नट्या अशा गोष्टी गिळून गप्प बसत. ही थेट लॉस एंजेलिसच्या कोर्टात साक्षीला उभी राहिली आणि पासपोर्ट पुढे केला. सांगितलेल्या काळात ती स्पेनमध्ये चित्रीकरण करत होती.

फोर्डबद्दल मात्र माझं मन अजून द्विधा आहे. त्याने तिला तिच्या सर्वोत्तम भूमिका दिल्या आणि वागवलं अतिशय वाईट. 'द क्वाएट मॅन'चं चित्रीकरण १९५१ मध्ये मेयो परगण्यातल्या काँग या गावी झालं. जॉन वेन तिला शेतातून फरफटत नेतो त्या प्रसंगासाठी फोर्ड आणि वेनने वाटेत मेंढ्यांच्या लेंड्या पसरल्या. तिने मैत्रिणींना घेऊन त्या बाजूला ढकलल्या, यांनी परत आणून टाकल्या, आणि दिवसभर तिला अंग धुवायला पाणी देऊ दिलं नाही. लोक हे गंमत म्हणून सांगतात, मला त्यात गंमत दिसत नाही. एका पार्टीत त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला, हेही तिने आत्मचरित्रात लिहिलं आहे. वेनशी मात्र तिची मैत्री त्याच्या मृत्यूपर्यंत टिकली. दोघांनी पाच चित्रपट एकत्र केले, १९५० च्या 'रिओ ग्रांदे'पासून १९७१ च्या 'बिग जेक'पर्यंत.

पहिली दोन लग्नं टिकली नाहीत, दुसऱ्यातून एक मुलगी. १९६८ मध्ये तिने वैमानिक चार्ल्स ब्लेअरशी लग्न केलं. हा उत्तर ध्रुवावरून एकट्याने विमान नेणारा माणूस, कॅरिबियनमधल्या बेटांवर पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची कंपनी चालवायचा. काही वर्षांत तिने चित्रपट सोडले आणि तिकडे रमली. १९७८ मध्ये त्याच्याच एका विमानाच्या अपघातात तो गेला, आणि कंपनीची अध्यक्ष म्हणून कारभार तिने हातात घेतला. 'बिग जेक'नंतर वीस वर्षांनी, १९९१ मध्ये, 'ओन्ली द लोन्ली'त ती पुन्हा दिसली, तिखट जिभेच्या आयरिश आईच्या भूमिकेत. उतारवयात बराच काळ ती कॉर्क परगण्यातल्या ग्लेनगॅरिफला राहिली.

ऑस्करसाठी तिला एकदाही नामांकन मिळालं नाही. २०१४ मध्ये मानद ऑस्कर दिलं तेव्हा ती चौऱ्याण्णव वर्षांची, व्हीलचेअरवर. २४ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेत बॉइझी इथे ती वारली आणि आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत ब्लेअरशेजारी तिला ठेवलं.

पाहायला सुरुवात 'द क्वाएट मॅन'पासूनच करा आणि शेवटचं दृश्य चुकवू नका. ती वेनच्या कानात काहीतरी कुजबुजते आणि तो दचकून तिच्याकडे बघतो. काय म्हणायचं ते फोर्डने तिला सांगितलं होतं. आधी ती तयारच नव्हती. मग एका अटीवर म्हणाली, की तिघांपैकी कुणीही ते बाहेर बोलायचं नाही. फोर्ड १९७३ मध्ये गेला, वेन १९७९ मध्ये. त्यानंतर छत्तीस वर्षं ती प्रत्येक मुलाखतीत हसून तो प्रश्न टाळत राहिली.